सिएटल मॅरिनर्स: यंदा तरी पेनंट? (ग्रिफी, एडगर, इचिरोच्या गप्पांसकट)

पुगेटकाठी | २१ सप्टेंबर २०२५, रात्री

आपल्या सिएटलच्या बेसबॉल टीमने ह्यूस्टन ॲस्ट्रोजला त्यांच्याच घरात जाऊन हरवलं, तीनपैकी तीन! शुक्रवारी बरोबरीत होतो, आज रविवारी तीन मॅचेस पुढे आहोत आणि फक्त सहा उरल्यात. ॲस्ट्रोजने गेली कित्येक वर्षं आमच्या डोक्यावर मिरे वाटले, त्यामुळे हा वीकेंड जरा जास्तच गोड लागतोय. रोब्लेसने राइट फिल्डमध्ये झेप घेऊन पकडलेला तो बॉल, आणि पडल्या पडल्या दुसऱ्या बेसकडे फेकून रनरलाही बाद करून मॅच संपवली ते... मी सोफ्यावरून उठलो तो उभाच राहिलो. आमच्या कॅल रॉलीचे यंदाचे होम रन (थेट कुंपणापार मारलेले फटके) आता ५८. कॅचर माणूस! ५८!

या धाग्यावर यंदाची शर्यत आणि जुने खेळाडू दोन्ही चालतील. फक्त "बेसबॉल म्हणजे आपली विटीदांडू" हा विनोद कृपया नको, तो झालाय करून.

नाशिकचा_डावरा | २२ सप्टेंबर

पहाटे साडेचारला उठून बघितली. आई म्हणते घटस्थापनेला लवकर उठलास, सुधारलास. मी काही बोललो नाही.

नवशिकी_रेडमंड | २२ सप्टेंबर

काका, मी इथे येऊन दीड वर्ष झालं. ऑफिसमध्ये सगळे निळे टी-शर्ट घालून फिरतायत आणि "मॅजिक नंबर तीन" म्हणतायत. कोणी नीट सांगेल का? आणि पेनंट म्हणजे वर्ल्ड सिरीजच ना?

आकडेमोड | २२ सप्टेंबर

नाही. अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग अशा दोन लीग आहेत. आपापली लीग जिंकली की पेनंट मिळतं, आणि मग ते दोन विजेते वर्ल्ड सिरीज खेळतात. १९६८ पर्यंत प्रकरण सोपं होतं, सीझनअखेर जो तक्त्यात वर तो पेनंटवाला. १९६९ पासून डिव्हिजन आणि प्लेऑफ आले. म्हणजे आता आधी डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आपला गट जिंका (किंवा वाइल्ड कार्डने आत शिरा), मग प्लेऑफच्या फेऱ्या, मग पेनंट.

मॅजिक नंबर: आपले जितके विजय आणि ह्यूस्टनचे जितके पराभव मिळून हवेत तो आकडा. आपण ८७-६९ (विजय-पराभव), ते ८४-७२. एकूण मॅचेस १६२. साध्या हिशेबाने १६३ मधून ८७ आणि ७२ वजा करा, ४ उरतात. पण बरोबरी झाली तर आपसातल्या मॅचेस बघतात आणि त्यात आपण पुढे आहोत, म्हणून ३. पूर्वी बरोबरी झाली की एक जादा मॅच खेळवायचे. २०२२ पासून ती बंद झाली. मला विचाराल तर ती काढून टाकली हे पापच केलं, कारण या शहरातलं बेसबॉल अशाच एका जादा मॅचने वाचलंय. काका सांगतील.

आणि हो, मॅरिनर्सना पेनंट आजवर एकदाही मिळालेलं नाही. १९७७ पासून. वर्ल्ड सिरीजचं तोंड न पाहिलेली ३० टीम्समधली ही एकमेव टीम.

टोरांटोची_मावशी | २२ सप्टेंबर

१९७७ सालचे आपण जुळे बरं का! ब्लू जेज आणि मॅरिनर्स एकाच वर्षी लीगमध्ये आले. आमच्याकडे १९९२ आणि १९९३ अशा दोन वर्ल्ड सिरीज आहेत. उगाच आपलं सांगितलं.

पुगेटकाठी | २२ सप्टेंबर

मावशी, जो कार्टरचा तो होम रन आम्हाला दर वर्षी ऐकवता, यंदा निदान ऑक्टोबरपर्यंत थांबा.

नवशिकी, १९९५ ऐक. आदल्या वर्षी संप झाला होता, वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. लोक वैतागलेले. किंगडोम नावाचं काँक्रीटचं झाकण हे आमचं स्टेडियम, आणि १९९४ च्या जुलैमध्ये त्याच्या छताच्या फरशा खाली कोसळल्या. टीम शहर सोडून जाणार अशी बोलणी उघड चाललेली. मे महिन्यात आमचा स्टार आउटफिल्डर केन ग्रिफीने भिंतीवर आदळून कॅच घेतला आणि मनगट मोडून घेतलं. ऑगस्टच्या सुरुवातीला आम्ही आमच्याच डिव्हिजनमधल्या एंजल्सच्या १३ मॅचेस मागे. तेरा! आणि मग ग्रिफी परतला, न्यूयॉर्क यँकीजच्या वेटलंडला शेवटच्या इनिंगमध्ये होम रन मारून त्याने मॅच काढली, आणि तिथून रोज काहीतरी अशक्य व्हायला लागलं. दुसरीकडे एंजल्स असे कोसळले की बघवेना. शेवटी दोघं बरोबरीत. २ ऑक्टोबरला एकच मॅच, आमचा पिचर रँडी जॉन्सनच्या हातात बॉल. ९-१.

गंमत म्हणजे त्याच सप्टेंबरमध्ये किंग काउंटीच्या मतदारांनी नव्या स्टेडियमचा कर अगदी थोडक्यात फेटाळला होता. महिन्याभरात हवा इतकी फिरली की राज्याच्या विधिमंडळाने खास अधिवेशन घेऊन पैशाची सोय केली. आज जिथे आपण बसतो ते पार्क ७९ मॅचेस जिंकलेल्या टीमने बांधलंय.

खवट_म्हातारा | २३ सप्टेंबर

पार्क करदात्यांनी बांधलं. टीमने क्लीव्हलंडकडून मार खाल्ला आणि घरी गेली. हे कोणी सांगत नाही.

पुगेटकाठी | २३ सप्टेंबर

मान्य, पण त्याआधीच्या फेरीत यँकीजविरुद्धची पाचवी, निर्णायक मॅच होती की नाही? रँडी एका दिवसाच्या विश्रांतीवर बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर थांबतात तिथून, चालत आला तेव्हा किंगडोममध्ये जो आवाज झाला, तो काँक्रीटला लागून परत अंगावर आला. अकरावी इनिंग, एका रनने मागे. जोई कोरा बंट करून (बॅट नुसती हलकेच लावून) पोहोचला, ग्रिफीने सिंगल मारला. समोर त्यांचा पिचर जॅक मॅकडॉवेल. आमच्या एडगर मार्टिनेझने बॉल डावीकडच्या लाइनवर खेचला. कोरा येणार हे दिसतच होतं. पण ग्रिफी पहिल्या बेसवर होता, आणि दुसरा ओलांडताना त्याने वेगच कमी केला नाही! तिसऱ्या बेसचं वळण असं काही कापलं की आपण इकडे श्वास धरून. घसरत प्लेटवर, ६-५, आणि पुढच्या क्षणी अख्खी टीम त्याच्या अंगावर. त्या ढिगाऱ्याखालून त्याचा हसरा चेहरा दिसतो तो फोटो तू पाहिला असशीलच, अर्ध्या सिएटलच्या बेसमेंटमध्ये टांगलेला आहे.

आकडेमोड | २३ सप्टेंबर

एडगर त्या वर्षी .३५६ च्या सरासरीने बॅटिंग टायटल जिंकला. आणि तरी हॉल ऑफ फेममध्ये जायला त्याला दहाव्या, म्हणजे शेवटच्या संधीपर्यंत थांबावं लागलं, २०१९ ला. का? तर तो फिल्डिंग करत नव्हता, डेझिग्नेटेड हिटर होता. आज त्या जागेवरच्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारालाच त्याचं नाव आहे, पार्कसमोरच्या रस्त्यालाही. मतं देणारे लोक कधी कधी काय विचार करतात देव जाणे. ग्रिफीला मात्र २०१६ ला पहिल्याच फटक्यात ९९.३ टक्के मतं.

नाशिकचा_डावरा | २३ सप्टेंबर

आणि आपल्या जपानी इचिरोला यंदा ९९.७. एकच मत कमी पडलं. तो एक पत्रकार कोण ते अजून कळलेलं नाही, लपून बसलाय बिचारा.

मी बेसबॉल बघायला लागलो तो इचिरोमुळे. कुणीतरी एप्रिल २००१ ची ऑकलंडची क्लिप पाठवली होती. पहिल्या बेसवर टेरेन्स लाँग. बॅटरने राइट फिल्डला साधा सिंगल मारला, लाँग निवांत तिसऱ्याकडे पळत सुटला, कारण तिथून कोणी माणूस बाद होत नाही. इचिरोने पुढे येत बॉल उचलला आणि फेकला. त्या थ्रोला कमानच नाही! जमिनीला समांतर, सरळ तिसऱ्या बेसच्या ग्लव्हमध्ये, आणि लाँग त्यावर स्वतःहून घसरत आला. क्रिकेटमध्ये आपण बाउंड्रीवरून चांगला थ्रो आला की "वा" म्हणतो. हे बघून मी नुसता गप्प.

टोरांटोची_मावशी | २३ सप्टेंबर

तो बॅट उभी धरून दुसऱ्या हाताने बाही ओढायचा ते मला फार आवडायचं. यजमानांची मुंजीतली पळी धरायची पद्धत साधारण तशीच आहे.

आकडेमोड | २३ सप्टेंबर

२००१ ला २४२ हिट्स, त्याच वर्षी रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवा खेळाडू) आणि एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) दोन्ही. २००४ ला २६२, जॉर्ज सिसलरचा १९२० चा २५७ चा विक्रम मोडला. सलग दहा सीझन २०० च्या वर. आणि अमेरिकेत पहिली मॅच खेळला तेव्हा वय २७. जपानमधल्या नऊ वर्षांच्या हिट्स यात धरलेल्याच नाहीत.

खवट_म्हातारा | २४ सप्टेंबर

२००१ निघालंच आहे तर बोलतो. रँडीला १९९८ ला ह्यूस्टनला दिला. ग्रिफी २००० ला सिनसिनाटीला गेला. ए-रॉड, म्हणजे ॲलेक्स रॉड्रिगेझ, २५२ मिलियन डॉलरला टेक्ससला. तिन्ही गेले आणि मग ११६ मॅचेस जिंकल्या! १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाच्या बरोबरीने. ब्रेट बूनने १४१ रन्स आणले, पिचर मॉयर अडतिशीत २० मॅचेस जिंकला. ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडविरुद्ध १४-२ पुढे असताना हरले होते तेव्हाच मी म्हटलं होतं, काहीतरी गडबड आहे. ऑक्टोबरमध्ये यँकीजनी पाच मॅचेसमध्ये गुंडाळलं. आणि त्यानंतर २०२२ पर्यंत प्लेऑफ नाही. एकवीस वर्षं. पेनंट येत नाही तोवर हे सगळं पाण्यावरच्या रेघा.

पुगेटकाठी | २४ सप्टेंबर

अहो, त्या वर्षाचं तेवढंच आठवतं तुम्हाला? ११ सप्टेंबरनंतर आठवडाभर बेसबॉल बंद होतं. परत सुरू झाल्यावर डिव्हिजन जिंकली, तेव्हा शॅम्पेन उडवली नाही कोणी. खेळाडू झेंडा घेऊन माउंडभोवती (पिचरच्या उंचवट्याभोवती) चालले आणि गुडघ्यावर बसले. माझ्यासाठी २००१ म्हणजे ते. यँकीजचा ऑक्टोबर नंतरचा.

आणि मधली एकवीस वर्षं पण काही पूर्ण ओसाड नव्हती. आपला पिचर फेलिक्स हर्नांडेझ होता ना. १५ ऑगस्ट २०१२, टॅम्पा बेविरुद्ध परफेक्ट गेम, २७ आले आणि २७ परत गेले, १-०. अख्ख्या मॅचमध्ये आपल्या टीमने त्याला एकच रन दिला, हे पण फेलिक्सच्या नशिबाला धरूनच. २०१० ला साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) मिळाला तेव्हा त्याच्या नावावर विजय किती? तेरा. पराभव बारा. एवढं चांगलं टाकून. त्याला प्लेऑफची एक मॅच मिळाली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

नवशिकी_रेडमंड | २४ सप्टेंबर, रात्री

जिंकलो!!! मी पार्कमध्ये होते! रॉलीचे ५९ आणि ६० दोन्ही आज! शेजारच्या अनोळखी आजीने मला मिठी मारली. डिव्हिजन आपली, २००१ नंतर पहिल्यांदा!

आकडेमोड | २४ सप्टेंबर

नोंद करून ठेवा. कॅचरचा जुना विक्रम साल्वाडोर पेरेझचा, ४८. दोन्ही हातांनी खेळणाऱ्याचा मिकी मँटलचा, ५४, १९६१ पासून. टीमचा ग्रिफीचा, ५६. एका सीझनमध्ये तिन्ही गेले. आणि लक्षात घ्या, हा माणूस बॅटिंग नसते तेव्हा उकिडवा बसून प्रत्येक बॉल पकडतो, प्रत्येक पिच सांगतो, फाऊल बॉल मनगटावर आणि मास्कवर झेलतो. कॅचर लोक सप्टेंबरमध्ये जिन्यावरून धरून धरून उतरतात म्हणे.

नाशिकचा_डावरा | २५ सप्टेंबर

डंपरभाऊंचा (रॉलीचं टोपणनाव "बिग डंपर") विजय असो. होम रन डर्बीत (होम रन मारायच्या स्पर्धेत) त्याचे वडील पिचिंगला आणि धाकटा भाऊ कॅचिंगला, हे बघून आमच्या घरी कौतुक झालं. नाहीतर "अजून किती वेळ ते लाकूड फिरवणार" असंच विचारतात.

आणि ती चेटकीण विसरू नका. एका फॅनने सप्टेंबरच्या सुरुवातीला एट्सी या खरेदीच्या वेबसाइटवरून पैसे देऊन चेटकिणीकडून मंत्र टाकून घेतला, आणि त्यानंतर सलग दहा जिंकलो.

टोरांटोची_मावशी | २५ सप्टेंबर

मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या असत्या तर फुकटात झालं असतं.

खवट_म्हातारा | २५ सप्टेंबर

चेटकीण नाही, ट्रेड. जुलैअखेर ॲरिझोनाकडून नेलर आणि सुआरेझ आणले. पहिल्यांदाच या मालकांनी हात खिशातून बाहेर काढला. डॅन विल्सनबद्दल मात्र मला शंका आहे. १९९५ चा कॅचर म्हणून प्रेम आहे, मॅनेजर म्हणून बघू.

पुगेटकाठी | ११ ऑक्टोबर, पहाट

झोप येत नाही. डेट्रॉइटविरुद्ध निर्णायक पाचवी मॅच. नऊच्या जागी पंधरा इनिंग. पाच तास. पिचर स्कूबलने डेट्रॉइटसाठी १३ जण स्ट्राइकआउट केले, त्यात सलग सात. तो खाली गेल्यावर लिओ रिवासने बरोबरी साधली, तीही स्वतःच्या वाढदिवशी. मग दोन्हीकडे नुसते शून्यावर शून्य. गिल्बर्ट आणि कास्तियो, दोघं स्टार्टर्स (एरवी मॅच सुरू करणारे पिचर), बुलपेनमधून आले. २०२२ ला ह्यूस्टनविरुद्ध याच मैदानात अठरा इनिंग बसून १-० हरलो होतो, ते डोक्यातून जात नव्हतं. पोलांकोने मारला, क्रॉफर्ड पळत आला, ३-२. घसा गेलाय. चोवीस वर्षांनी पेनंटसाठी खेळणार. आणि समोर कोण? मावशींचे ब्लू जेज!

टोरांटोची_मावशी | ११ ऑक्टोबर

या या. २०२२ ला ८-१ पुढे असताना तुम्ही आमच्या घरी येऊन १०-९ ने गेला होतात, ते खातं अजून उघडं आहे.

नाशिकचा_डावरा | १४ ऑक्टोबर

३-१ आणि १०-३! टोरांटोत दोन्ही जिंकलो! आणि नेलर तर मावशींच्या शेजारचा, मिसिसागाचा.

खवट_म्हातारा | १४ ऑक्टोबर

आता घरी तीन मॅचेस आहेत. म्हणूनच भीती वाटते.

टोरांटोची_मावशी | १७ ऑक्टोबर

१३-४ आणि ८-२, दोन्ही आमच्या. म्हाताऱ्यांच्या तोंडात साखर पडो. आमचे पिचर शेर्झर पण म्हातारेच आहेत, आवडले असतील तुम्हाला.

नवशिकी_रेडमंड | १७ ऑक्टोबर, रात्री

सुआरेझचा ग्रँड स्लॅम, बेसेस भरलेले असताना होम रन!!! आठव्या इनिंगमध्ये आधी रॉलीने बरोबरी केली आणि मग हा! ६-२! चार लागतात, तीन झाल्या, एकच हवी आता, एकच!

आकडेमोड | १८ ऑक्टोबर

एक गोष्ट आवडली नाही. आपला पिचर वूचा बॉल टोरांटोच्या स्प्रिंगरच्या गुडघ्यावर बसला आणि तो लंगडत बाहेर गेला तेव्हा आपल्यातल्या काहींनी हुर्यो केली. स्प्रिंगर ज्यात होता त्या २०१७ च्या ॲस्ट्रोजचा राग मलाही आहे, कॅमेऱ्याने खुणा चोरून जिंकले ते. तरी हे बरं दिसलं नाही.

नाशिकचा_डावरा | २० ऑक्टोबर, सकाळ

अभ्यंगस्नान उरकून बसलो. ६-२ हरलो. तीन इनिंगमध्ये तीन डबल प्ले (एका फटक्यावर दोन बाद), त्यातले दोन बेसेस भरलेले असताना. फराळ घशाखाली उतरेना.

पुगेटकाठी | २० ऑक्टोबर, रात्री

सातव्या मॅचमध्ये ३-१ पुढे होतो. आठच आउट उरले होते.

खवट_म्हातारा | २० ऑक्टोबर, रात्री

सातवी इनिंग. वूने पहिल्याला वॉक दिला, मग सिंगल, मग बंट. दुसऱ्या-तिसऱ्यावर रनर, समोर स्प्रिंगर. सीझन तिथेच ठरणार हे आंधळ्याला दिसत होतं. मॅच संपवायला तुमचा सर्वोत्तम पिचर, तुमचा क्लोझर, मुन्योझ आहे ना? मग आणा की! "क्लोझर नवव्या इनिंगसाठी" हे कुठल्या पोथीत लिहिलंय? १९९५ ला मॅनेजर पिनिएलाने रँडीला एका दिवसाच्या विश्रांतीवर बुलपेनमधून आणला, आणि तेव्हा टीमचा नेहमीचा कॅचर कोण होता? हाच विल्सन! डोळ्यांनी बघितलेलं माणूस विसरतो कसा? बझार्डो आला, तीन रन्सचा होम रन, ४-३. झालं.

आकडेमोड | २० ऑक्टोबर, रात्री

बझार्डो वर्षभर उत्तम टाकत होता, उजव्या हाताच्या बॅटरविरुद्ध तर विशेषच, हे पण लिहा. तो निर्णय मूर्खपणाचा नव्हता. मी मुन्योझलाच आणला असता, पण माझ्या मते सिरीज कालच्या डबल प्लेंमध्ये गेली. बेसेस भरलेले असताना दोन्ही वेळा एकेक फ्लाय बॉल गेला असता तर आजची मॅच झालीच नसती.

टोरांटोची_मावशी | २१ ऑक्टोबर

मी काल रात्री मुद्दामच काही लिहिलं नाही. आमच्याकडे रस्त्यावर हॉर्न वाजत होते. हुलिओ शेवटचा स्ट्राइकआउट झाला तेव्हा मी पण ओरडले, खोटं कशाला बोलू. पण सात मॅचेस तुम्ही ज्या खेळलात, त्या बेताच्या नव्हत्या. स्प्रिंगरचा गुडघा अजून सुजलेला आहे म्हणतात. हुर्यो करणाऱ्यांना हे सांगा.

पुगेटकाठी | २१ ऑक्टोबर

मावशी, अभिनंदन. मनापासून. कार्टरसोबत आता स्प्रिंगरचं पण ऐकायचंय आयुष्यभर, ते वेगळं.

खवटराव, तुम्ही मागे म्हणालात ना की पेनंट नाही तर सगळं पाण्यावरच्या रेघा. आज तुम्हाला ते जास्तच पटत असेल. मला नाही पटत. माझी मुलगी शाळेतून आली आणि अंगणात रॉलीसारखी दोन्ही हातांनी बॅट फिरवत होती, डावीकडून चार, उजवीकडून चार. तिला कोणी सांगितलेलं नाही की आपण हरलो म्हणून रॉली कमी झाला. एडगर, फेलिक्स, इचिरो, सगळे असेच आले आमच्या घरात, पेनंटशिवाय.

खवट_म्हातारा | २१ ऑक्टोबर

मुलीला उजवीकडून खांदा खाली पडू देऊ नकोस म्हणावं. बाकी माझं मत तेच आहे. मुन्योझ.

नाशिकचा_डावरा | २२ ऑक्टोबर

शुक्रवारी टोरांटोत डॉजर्स. पहाटे उठायची सवय लागलीच आहे, तर मावशींच्या बाजूने बसतो. पण आपल्या नेलरचं काय? करार संपला ना?

आकडेमोड | २२ ऑक्टोबर

नेलर आणि सुआरेझ दोघंही मोकळे होणार. दोघंही राहतील असं वाटत नाही, मग आधी नेलरला धरा. वय कमी, स्ट्राइकआउट कमी, आणि पाय जड असून बेस चोरतो ते पिचरचं डोकं वाचून. मालकांनी पुन्हा हात खिशात घातला तर मात्र हा धागा मी स्वतः खवटरावांच्या स्वाधीन करीन.

नवशिकी_रेडमंड | २२ ऑक्टोबर

फेब्रुवारीत ॲरिझोनात पिओरियाला स्प्रिंग ट्रेनिंग असतं म्हणे, खेळाडू अगदी कुंपणाजवळ येतात. कोणी जाणार असेल तर कळवा, आमच्या गाडीत दोन जागा आहेत. चकल्या मी आणते.